साखरेच्या दाण्यात न सापडणारे

सप्टेंबर उजाडला की सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या ऊसकरी घरांत एक पुस्तिका येऊन पडते. सहकारी साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल. मुखपृष्ठावर संस्थापकांचे छायाचित्र, आत संचालक मंडळाची नावे, सभेची नोटीस, विषयपत्रिका, दिवंगत सभासदांना श्रद्धांजली, मग अध्यक्षांचे निवेदन आणि शेवटी आकड्यांची पाने. ही पुस्तिका कोणी वाङ्मय म्हणून वाचत नाही. चार दिवस ती दूरचित्रवाणी संचाशेजारी पडून राहते आणि पुढे रद्दीत जाते. आम्ही मात्र गेली काही वर्षे हे अहवाल वाचत आलो आहोत, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी ते वाचावेत असे आम्हांला मनापासून वाटते. कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात घरोघर पोहोचणारे मराठी गद्य कोणते, असे विचारले तर कादंबरीचे किंवा मासिकाचे नाव घेण्याआधी या पुस्तिकेचे नाव घ्यावे लागेल.

या गद्याचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. पाऊस चांगला झाला तर 'पर्जन्यमान समाधानकारक राहिले', अवेळी झाला तर 'उताऱ्यावर प्रतिकूल परिणाम झाला'. निसर्ग इथे नेहमी कर्ता असतो. गाळप मात्र कारखाना करतो, साखर कारखाना तयार करतो, आणि विक्रमी गाळप झाले असेल तर ते कुणाच्या तरी मार्गदर्शनाखाली झालेले असते. या दोन कर्त्यांच्या मधे, म्हणजे उभा ऊस आणि गव्हाण यांच्या मधे, जे घडते त्यासाठी एकच क्रियारूप राखून ठेवलेले दिसते: ऊस 'तोडून आणण्यात आला'. कुणी तोडला, हे वाक्यात येत नाही. कर्ता गाळायची ही सोय मराठीत सरकारी परिपत्रकांनी रुळवली असे म्हणतात. सहकारी अहवालांनी ती मनापासून स्वीकारली आहे.

माणूस वाक्यात सापडत नसेल तर तो आकड्यांत शोधावा. तिथे तो दोन ठिकाणी सापडतो. एकदा नफा-तोटा पत्रकात, 'तोडणी व वाहतूक खर्च' या ओळीत. दुसऱ्यांदा ताळेबंदात, आणि तेही मालमत्तेच्या बाजूला: तोडणी-वाहतूक यंत्रणेस दिलेली आगाऊ रक्कम, म्हणजे 'येणे'. हंगामाआधी मुकादमामार्फत जोडप्यांना जी उचल दिली जाते, तिचेच हे हिशेबी नाव. बीड जिल्ह्यातल्या, किंवा सांगलीच्याच जत तालुक्यातल्या, एखाद्या कुटुंबाचे कर्ज कारखान्याच्या ताळेबंदात जमेची बाजू होऊन बसते. हिशेबशास्त्राच्या दृष्टीने यात काहीही चूक नाही. लेखापरीक्षक याला बिनशर्त प्रमाणपत्र देतील. आमचे म्हणणे एवढेच, की अडीचशे ओळींच्या ताळेबंदात माणसाचा उल्लेख जर केवळ वसूल व्हायची रक्कम म्हणून येत असेल, तर तो ताळेबंद वाचण्याचे काम एकट्या लेखापरीक्षकावर सोपवू नये.

बोलीभाषा अहवालापेक्षा प्रामाणिक आहे, पण तीही निष्ठुरच. तोडणीच्या हिशेबात माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, दोघे मिळून. एकटा पुरुष आला तर तो 'अर्धा कोयता'. वर्गात लक्षणा शिकवताना आपण गंगेवरच्या गवळीवाड्याचे जुने उदाहरण देतो. ज्यांच्या गावाबाहेर दर हिवाळ्यात कोप्या उभ्या राहतात, त्या विद्यार्थ्यांना हे दुसरे उदाहरण का देऊ नये? हत्यारावरून माणूस ओळखला जातो इथपर्यंत अलंकारशास्त्र पुरते. पण दोन माणसांचे एकच हत्यार, एकच उचल आणि एकच हिशेब झाल्यावर त्यातल्या बाईच्या नावावर काय उरते, हा प्रश्न अलंकाराच्या पलीकडचा आहे. एक दिवस आजारपणाने किंवा बाळंतपणाने काम बुडाले की 'खाडा' पडतो, आणि खाड्याचे पैसे उचलीतून फिटायचे राहतात.

आता या अहवालाला एक नवा वाचक मिळू लागला आहे, आणि तोच या लेखाचा विषय. हा वाचक सभासद नाही. तो दूर कुठेतरी बसलेला साखरेचा मोठा खरेदीदार आहे, त्याच्यामागे त्याचे भागधारक आहेत, पतपुरवठादार आहेत, त्याच्या देशातली वृत्तपत्रे आहेत. २०२४ च्या मार्च महिन्यात 'न्यूयॉर्क टाइम्स' आणि 'फुलर प्रोजेक्ट' यांनी महाराष्ट्रातल्या ऊसतोडीविषयीचा शोधवृत्तान्त छापला. कोकाकोला आणि पेप्सिको यांच्यासारख्या कंपन्यांपर्यंत जाणाऱ्या साखरेमागे कर्जाने बांधलेली मजुरी, लहान मुलींची लग्ने आणि तरुण बायकांची काढलेली गर्भाशये आहेत, असे त्यात मांडले होते. त्यानंतर साखर उद्योगाच्या बैठकांत जे शब्द वारंवार ऐकू येऊ लागले ते पूर्वी या भागात कुणी उच्चारत नव्हते: पुरवठा साखळी, शाश्वतता, सामाजिक लेखापरीक्षण. उसासाठी 'बॉनसुक्रो' नावाचे आंतरराष्ट्रीय मानांकन आहे. त्यात पाण्याचा वापर, माती, मजुरांचे हक्क असे सगळे तपासले जाते. उद्याच्या साखर कारखान्याला हवामानाला आणि बाजारभावाला तोंड द्यावे लागेल तसेच या प्रश्नावलीलाही द्यावे लागेल, यात आम्हांला शंका वाटत नाही.

या वृत्तान्तात आमच्यासाठी नवे काय होते? २०१९ साली हा विषय मराठी वर्तमानपत्रांत आणि विधिमंडळात येऊन गेला होता. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती. बीड जिल्ह्यात केलेल्या सर्वेक्षणात सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली होती. म्हणजे आकडा आपल्यापाशी होता, आपल्याच भाषेत होता, आणि तो न्यूयॉर्कला छापून येण्याच्या पाच वर्षे आधी होता. तरीही त्या पाच वर्षांत आमच्या पाहण्यातल्या एकाही वार्षिक अहवालात 'गर्भाशय' हा शब्द आला नाही. येण्याचे कारणच नव्हते. तो शब्द कुठल्या शीर्षाखाली घालणार?

याच जिल्ह्यातला दुसरा एक अनुभव शेजारी ठेवून पाहावा. तासगावचा द्राक्ष बागायतदार परदेशी दडपण म्हणजे काय ते फार पूर्वीच शिकला. २०१० साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला आणि माल तिकडे अडकला. बागायतदार त्याला 'लिहोसिन' किंवा नुसते 'सीसीसी' म्हणतात. वेलीची वाढ रोखून घड धरायला ते मारतात. त्या वर्षी अनेक बागायतदार कर्जात बुडाले. आपल्यावर अन्याय झाला, असेही पुष्कळांना वाटले, कारण या रसायनाकडे निर्यातीच्या तपासणीत तोवर कुणी बोट दाखवले नव्हते. पण पुढच्या हंगामात बागांत बदल झाला. फवारणीच्या नोंदवह्या काटेकोर झाल्या, नमुने प्रयोगशाळेत जाऊ लागले. अपेडाच्या 'ग्रेपनेट' व्यवस्थेत पेटीवरून बाग ओळखता येते. कुठल्या शिवारातला, कुणाच्या गटातला घड आहे, हे रॉटरडॅममध्ये बसून कळते. जाच होता, खर्च होता, तरी आज तासगाव-पलूसकडचा निर्यातदार शेतकरी रसायनांच्या मर्यादा तोंडपाठ सांगतो. तिथे दडपणाने काम केले.

ते का केले? कारण द्राक्षाच्या सालीत औषधाचा अंश सापडतो. साखरेच्या दाण्यात खाड्याचा अंश सापडत नाही. हजारो शिवारांतला रस एकाच कढईत उकळतो, आणि पांढरा शुभ्र दाणा बाहेर पडतो तेव्हा त्यात कुणाच्या शेताची, कुणाच्या हाताची खूण शिल्लक राहत नाही. साखरेची शुद्धता म्हणतात ती हीच. जगातली कुठलीही प्रयोगशाळा एक किलो साखर तपासून सांगू शकणार नाही की ती तोडणारी बाई सातव्या महिन्यात होती की नव्हती. म्हणून द्राक्षाच्या बाबतीत जे दडपण रसायनशास्त्रातून आले, ते साखरेच्या बाबतीत कागदावरूनच यावे लागते. तपासनीस येतो, वही पाहतो, वहीत लिहिलेले आहे का ते पाहतो आणि परत जातो. वही भरण्याची कला आपल्याकडे नव्याने शिकवावी लागत नाही.

आमच्या चिंतेचे मूळ इथे आहे. बाहेरचा प्रश्न कितीही खरा असला तरी तो प्रश्नावलीच्या रूपाने आला की त्याचे उत्तरही त्याच भाषेत मिळते. मुकादमाशी झालेल्या करारावर कारखान्याची सही नसते, म्हणून मजूर कारखान्याचा नसतो. मजूर कारखान्याचा नसल्याने त्याच्या कोपीजवळ शौचालय नसणे हा कारखान्याचा दोष नसतो. आणि दोष नसल्याने रकान्यात 'लागू नाही' असे लिहिता येते. तीन पायऱ्यांत माणूस गायब. 'सामना' हा तेंडुलकरांनी लिहिलेला आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. साखरसम्राटाच्या राज्यातून एक माणूस नाहीसा होतो आणि एक म्हातारा मास्तर त्याच्याविषयी विचारत राहतो, एवढीच त्याची कथा. तिथला माणूस नाहीसा करायला बळ लागले होते. इथे एक रकाना पुरतो.

यावर आमच्या मित्रांकडून एक आक्षेप हमखास येतो, आणि तो हलका नाही. ज्यांनी वेस्ट इंडीजमध्ये गुलामांच्या पाठीवर साखर पिकवली, त्यांच्या वंशजांनी आम्हांला माणुसकी शिकवावी काय? पेयाच्या बाटलीवर नफा त्यांचा, आणि कोपीतल्या शौचालयाचा खर्च आमच्या उसाच्या दरातून? दुसरा भाग आम्हांला पूर्ण मान्य आहे. खरेदीदार मानांकन मागतो, पण मानांकित साखरेला पुरेसा जास्त दर देतो असे दिसत नाही, आणि ही तक्रार कारखान्यांनी मोठ्याने केली पाहिजे. पहिल्या भागाविषयी मात्र इतिहासात एक गंमत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, इंग्लंडात गुलामांच्या साखरेवर बहिष्काराची चळवळ चालू असताना, तिथल्या चहाच्या टेबलांवर खास साखरदाण्या आल्या. आतली साखर ईस्ट इंडीजची आहे, गुलामांनी केलेली नाही, असे त्यांवर सोनेरी अक्षरांत लिहिलेले असे. म्हणजे जगाच्या बाजारात हिंदुस्थानी साखर एकेकाळी स्वच्छ हातांची साखर म्हणून विकली गेली. ती खरोखर किती स्वच्छ होती हा भाग वेगळा. बंगालातल्या रयतेची स्थिती त्या बायकांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दूरच्या देशातल्या ग्राहकाच्या नीतीला तेव्हाही साखरदाणीवरच्या अक्षरांवरच विसंबावे लागले, आणि आजही तेच.

शिवाय ती नीती टिकाऊ नसते. जर्मनीचा पुरवठा साखळीचा कायदा १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये तशाच आशयाचा निर्देश संमत केला, आणि २०२५ उजाडताच उद्योगांवर भार पडतो म्हणून तो सैल करण्याची प्रक्रिया तिथेच सुरू झाली. वारा तिकडे फिरला की इकडची वही बंद होणार. म्हणून परदेशी दडपणाला शरण जाणे आणि त्याच्यावर चिडणे या दोन्ही गोष्टी आम्हांला सारख्याच निरर्थक वाटतात. दोन्हींत प्रश्न त्यांचा आहे असे आपण गृहीत धरतो.

प्रश्न आपला होता, हे या दोन जिल्ह्यांच्या इतिहासातच लिहिलेले आहे. १९४९ पर्यंत हे जिल्हे एकच होते. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार इथे चालले, आणि गावोगावच्या न्यायदानात सावकारी व हुंड्यासारखे प्रश्न त्याने हाती घेतले. स्वातंत्र्यानंतर त्याच लढ्यातली माणसे सहकाराकडे वळली. सांगलीला वसंतदादांनी कारखाना उभा केला. वाळव्याला नागनाथअण्णा नायकवडींनी काढलेल्या कारखान्याला लढ्यात हुतात्मा झालेल्या किसन अहीर यांचे नाव आहे. हे कारखाने निव्वळ साखर काढण्यासाठी निघाले नव्हते. दोन-तीन एकरवाल्या शेतकऱ्याला गुळाच्या अडत्यापासून सोडवण्यासाठी ते निघाले. म्हणजे एका सामाजिक दडपणाला दिलेले ते औद्योगिक उत्तर होते. ज्याला कुणी मोजत नव्हते त्याला सभासद करून मोजले, ही सहकाराची थोरवी. आम्ही ती कमी लेखत नाही. आमच्यापैकी अनेकांची शिक्षणे उसाच्या बिलावर झाली आहेत.

पण मोजणी तिथेच थांबली. सभासद तो, ज्याच्याकडे जमीन आणि ऊस. जमीन नसलेला, पाचशे किलोमीटरवरून येऊन तोच ऊस तोडणारा, सहा महिने कारखान्याच्या नजरेसमोर राहणारा माणूस सहकाराच्या व्याख्येत बसला नाही, आणि बसावा असे फारसे कुणाला वाटलेही नाही. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, टनाला २७३ रुपयांचे ३६६ झाले. ती वाढ संघटनांनी पुण्याच्या बैठकीत भांडून मिळवली. कुठल्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर ती आली नव्हती.

व्याख्या रुंद करता येते, हेही याच सांगली जिल्ह्यात घडून गेले आहे, आणि तेही सुपीक कृष्णाकाठी नव्हे तर पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात, जिथून माणसे तोडणीला, गलाईला, गिरणीला बाहेर पडत आली. १९८२ चा मुंबईच्या गिरण्यांचा संप फिसकटला तेव्हा खानापूर तालुक्यातले अनेक कामगार गावी परतले. त्या काळात उभ्या राहिलेल्या मुक्ती संघर्ष चळवळीतून बलवडी आणि तांदुळवाडी या गावांनी येरळा नदीवर बळीराजा स्मृती धरण बांधले. नदीतल्या वाळूची मर्यादित विक्री करून त्यासाठी पैसा उभारला. त्या धरणाच्या पाण्याचा नियम असा होता, की पाण्याचा हक्क जमिनीवर नाही, कुटुंबावर. भूमिहीनालाही वाटा. आणि उसाला पाणी नाही. हा नियम कुठल्या परदेशी प्रश्नावलीतून आला नव्हता. पुढे पाणी संघर्ष चळवळीत नागनाथअण्णा, गणपतराव देशमुख, भारत पाटणकर यांनी समन्यायी पाणीवाटपाची मागणी मोठ्या पटावर नेली, तिच्या मुळाशी हाच अनुभव आहे. ज्या साखर कारखान्याच्या संस्थापकाने ही मागणी केली, त्याच्याच क्षेत्रातल्या धंद्याला कोयत्याचा वाटा विचारणे म्हणजे परकी कल्पना लादणे नव्हे.

नदीचेही कोयत्यासारखेच. तीही सभासद नाही. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला आणि प्रकरण हरित लवादाकडे गेले. त्याआधी २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर चढले, ब्रह्मनाळला नाव उलटून माणसे गेली. २०२१ ला पुन्हा पूर. अहवालांत हे सारे 'नैसर्गिक आपत्ती' या शीर्षाखाली येते. वाळवा-मिरज भागातल्या शेकडो शिवारांत पाटाच्या अति पाण्याने जमिनी क्षारपड झाल्या, पांढऱ्या पडल्या, ही आपत्ती मात्र नैसर्गिक म्हणता येत नाही म्हणून तिला शीर्षही मिळत नाही. लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनते, अशा समजुतीने या भागातले शेतकरी लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगर घ्यायला तयार नव्हते, ही गोष्ट आपण विद्यार्थ्यांना अंधश्रद्धेचे उदाहरण म्हणून सांगतो. त्यांची भीती चुकीच्या वस्तूविषयी होती. पण नव्या शेतीने माती बिघडेल का, हा प्रश्न विचारायची त्यांची सवय चुकीची नव्हती.

किर्लोस्करवाडीचे नाव निघालेच आहे तर थोडे विषयांतर. १९१० साली कुंडलच्या माळावर, औंध संस्थानच्या आश्रयाने, हा कारखाना उभा राहिला, आणि दहा वर्षांनी त्याने 'किर्लोस्कर खबर' नावाचे पत्रक काढले. कारखान्याच्या मालाची माहिती ग्राहकांना द्यावी, हा साधा हेतू. शंकरराव किर्लोस्करांच्या हातात त्या पत्रकाचे मासिक झाले, मग 'स्त्री' आणि 'मनोहर' आले, आणि विवाह, विधवा, संततिनियमन, अंधश्रद्धा यांवरचे मराठीतले कितीतरी वाद पंप आणि नांगर करणाऱ्या माळावरून लढले गेले. साखर कारखान्यांनी शाळा काढल्या, महाविद्यालये काढली, दवाखाने काढले. त्यांचे ऋण आहे. पण नांगराच्या कारखान्याकडे होती तशी स्वतःविषयी आणि समाजाविषयी बोलणारी भाषा साखरेच्या कारखान्याला कधी लाभली नाही. त्याच्याकडे अहवालच राहिला. आमच्या वाचनात तरी ऊसतोड केंद्रस्थानी असलेली मोठी मराठी कादंबरी आलेली नाही. वाटेगावच्या अण्णा भाऊंनी या मातीतली किती माणसे उभी केली, माणदेशातल्या माडगूळकरांनी किती केली, जतच्या कोरड्या जगण्यावर नवनाथ गोरे यांची 'फेसाटी' आली. पण कोयता अजून वाट पाहतो आहे. याचा दोष कारखान्यावर टाकता येणार नाही. तो आपल्या पारड्यात पडतो.

आणि आता घाई करावी लागेल, कारण प्रश्न सुटण्याच्या बेतात आहे, चुकीच्या रीतीने. ऊसतोडणी यंत्रांना अनुदान मिळते, मजूर मिळेनासे झाल्याने कारखान्यांना ती हवी आहेत, आणि परदेशी तपासनीसाच्या प्रश्नावलीला तर यंत्रासारखे सोयीचे उत्तर नाही. यंत्राला गर्भाशय नसते. रुंद सऱ्यांच्या मोठ्या शिवारांत ते आधी येईल, लहान तुकड्यांत आणि पावसाने चिखल झालेल्या रानात अजून काही वर्षे कोयताच लागेल. पण दिशा स्पष्ट आहे. आनंद यादवांच्या 'गोतावळा'त मळ्यात ट्रॅक्टर येतो आणि नारबाचे जग, त्याची जनावरे, एकेक करून उठून जाते. ती कादंबरी १९७१ ची. नारबाला निदान मळ्याची सवय होती, मालकाला त्याचे नाव ठाऊक होते. यंत्र आल्यावर ज्यांची गरज संपेल त्या कोयत्यांची नावे कुठल्या वहीत आहेत? उचल फिटली नसेल तर फक्त 'येणे' या रकान्यात राहतील. यंत्राला आमचा विरोध नाही. पहाटे तीनला थंडीत मोळ्या बांधणाऱ्या बाईला त्या कामातून सुटका नको आहे असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण सुटका आणि हकालपट्टी यांत फरक आहे, आणि यंत्राच्या अनुदानाबरोबर तोडणी मजुरांसाठी पर्यायी कामाची किंवा भरपाईची काही तरतूद आम्हांला दिसलेली नाही. टनामागे ठरावीक रक्कम घेऊन गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ झाले आहे. यंत्राने तोडलेल्या टनाचे पैसेही त्यात जावेत, ही मागणी तरी कुणी करायला हवी.

साखरेचा धंदा पुढे इथेनॉलवर तरेल असे सांगितले जाते, आणि केंद्राने पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर आणल्यापासून कारखान्यांनी आसवन्यांत मोठी गुंतवणूक केली. मग २०२३ च्या डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी निर्बंध आले, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते उठले. स्वच्छ इंधन म्हणून त्याची जाहिरात होते. तोही ऊस कोयताच तोडतो.

मागायचे काय, हे आमच्या दृष्टीने फार मोठे नाही. पुढच्या अहवालात एक पान असावे. हंगामात किती माणसे आली, कोयते नव्हे, माणसे, त्यांत बायका किती, बरोबर मुले किती, त्यांतली किती शाळेत बसली. तळावर पाणी आणि शौचालय होते का. किती जणांना अपघात झाला, किती बाळंतपणे झाली, खाड्यापोटी किती रक्कम कापली गेली. करारावर बाईची स्वतंत्र सही आहे का, आणि तिचा हिशेब तिच्या हातात पडला का. कायद्याने कारखाना याला बांधील आहे की नाही हा वाद वकिलांनी घालावा. माहिती ठेवायला आणि छापायला त्याला कुणाची परवानगी लागत नाही. हे पान एकदा मराठीत छापले गेले की न्यूयॉर्कच्या वाचकाला त्याचे भाषांतर करून घ्यावे लागेल. आज उलटे चालले आहे.

गेल्या वर्षी वर्गात आम्ही विद्यार्थ्यांना घरचा अहवाल आणायला सांगितले. सदतिसांपैकी बावीस जणांनी आणला, तीन वेगवेगळ्या कारखान्यांचे. कर्ता कुठे कुठे गाळला आहे त्यावर पेन्सिलीने खुणा करायच्या होत्या. एका मुलीने आपल्या प्रतीवर खुणा केल्याच नाहीत. ती जतची होती, तिच्या घरी अहवाल येत नव्हता, प्रत मैत्रिणीची होती आणि परत द्यायची होती. तिने वहीत ताळेबंदाची एक ओळ उतरवून घेतली होती, तोडणी-वाहतूक येणे, रकमेसह, आणि खाली विचारले होते की यात आमचे किती.

सप्टेंबरातल्या सभेला सभासद जातात. विषय वाचला जातो, पुढच्या रांगांतून 'मंजूर, मंजूर' असा आवाज होतो आणि वाचणारा पुढच्या विषयाकडे वळतो. विषयपत्रिकेच्या शेवटी एक कलम नेहमी असते: अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय.